बाबेलची अर्धी वीट

आमच्या घरात एक वीट आहे. अख्खी नाही, अर्धी. टीव्हीच्या बाजूच्या काचेच्या कपाटात खाली पांढरा रुमाल घालून ठेवलेली. पन्नासएक वर्षं मी तिच्यावरची धूळ पुसतेय, आणि खरं सांगायचं तर मला तिचा कंटाळा आलाय. आमचं घर विटांचं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं विटांची, मागच्या अंगणाची भिंत विटांची, कोपऱ्यावरच्या बंद गिरणीची चिमणी विटांची. मँचेस्टरमध्ये राहून माणसाला विटेचं काय कौतुक वाटणार?

पण माझा नवरा म्हणतो की ही वीट बाबेलच्या बुरुजाची आहे.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना 'तो'च म्हणणार आहे. बोटांना संधिवात आहे, जास्तीचा मान लिहायला हात दुखतो.

ज्यांना बाबेल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही ख्रिस्ती. आमच्या पवित्र शास्त्रात गोष्ट आहे की एके काळी सगळी माणसं एकच भाषा बोलायची. ती एका सपाट मुलखात येऊन राहिली आणि आभाळाला टेकेल असा बुरूज बांधायला लागली. देवाला ते आवडलं नाही. त्याने त्यांच्या बोलण्याचा घोळ करून टाकला. एकाचं दुसऱ्याला कळेना, काम बंद पडलं, माणसं पांगली. गोष्ट एवढीशीच आहे. चर्चमध्ये पाळकसाहेब तिच्यावर तासभर बोलतात.

मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडायची. शास्त्रात लिहिलंय की त्या लोकांनी दगडाच्या जागी भाजलेल्या विटा वापरल्या आणि चुन्याच्या जागी डांबर. मिशनच्या शाळेत बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा वर्गात मी एकटीच ताठ बसले. आम्ही नगर जिल्ह्यातले, विटा पाडणारे. देवाच्या पुस्तकात आमचं काम निघालं होतं. ज्याने कुणी ते लिहिलं त्याने भट्टी डोळ्यांनी पाहिलेली होती, एवढं मला नवव्या वर्षी कळलं. बाकी पुराव्याची मला गरज पडली नाही.

बाप माती तुडवायचा, आई साच्यात भरायची, आम्ही पोरं ओल्या विटा उन्हात मांडायचो आणि सुकत आल्या की कुशीवर करायचो. मग भट्टी रचायची. पोटातल्या विटा नीट भाजायच्या, कडेच्या कच्च्या राहायच्या, आणि आगीच्या तोंडाशी असलेल्या वितळून एकमेकींना चिकटायच्या. त्यांना खंगर म्हणायचे. बाप दोन विटा एकमेकींवर आपटून नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही चांगली, ही टाक. मलाही येतं ते. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती भट्टीसाठीच. त्याबद्दल रडायला तेव्हा वेळ नव्हता आणि आता उरक नाही.

नवरा लग्नाआधी इराकमध्ये रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत लॉरी चालवायचा. परत आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन शर्ट, एक ट्रान्झिस्टर आणि ही वीट. लग्न झालं, तो इंग्लंडला आला, बस चालवायला लागला, मागून मी आले. निघताना पत्रात लिहिलं होतं, येताना वीट आण. मी दोन पातेली घेतली होती, ती वजन जास्त होतं म्हणून सासूबाईंनी काढून ठेवली. वीट आली.

इथे महिन्यातून एका रविवारी आमची मराठी उपासना भरते, दुसऱ्या एका चर्चच्या हॉलमध्ये. उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने ज्याला काही दाखवलं असेल त्याने उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाचा व्हिसा झालेला असतो, कुणाची छातीतली गाठ साधी निघालेली असते. माझ्या नवऱ्याची साक्ष म्हणजे वीट. वर्षातून एकदा तरी ती पिशवीतून काढायची, दोन्ही हातांनी वर धरायची आणि म्हणायचं, "ही मी बाबेलच्या बुरुजाच्या पायातून माझ्या हातांनी उचललीय. शास्त्र खरं आहे." पूर्वी लोक मोठ्याने हालेलुया म्हणायचे. मग जुनी माणसं कमी झाली, नवी आली. आयटीवाले, नर्सा, डॉक्टर. ते मोबाइलकडे बघत हालेलुया म्हणतात.

त्यातल्या एका निवृत्त डॉक्टरसाहेबांना चेष्टेची सवय. मागच्या वर्षी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, आमच्या बाथरूमचं काम काढलंय. एक वीट कमी पडतेय. देता का?"

सगळे हसले. माझा नवराही हसला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "शिकलेलं गाढव." घरी येऊन जेवला नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि चार वाजता स्वतःच खाल्लं.

यंदा उन्हाळ्यात त्याचं हृदय थकलं. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागला. हॉस्पिटलमधल्या बाईने नीट समजावून सांगितलं की गोळ्या चालू ठेवू, पण आता फार काही वाढवण्यासारखं नाही. तो मान हलवत ऐकत होता. बाहेर येऊन मला म्हणाला, "सुगीच्या सणाला मी साक्ष देणार."

सुगीचा सण म्हणजे आमचा उपकारस्तुतीचा रविवार. गावाकडे लोक ज्वारीची कणसं, कोंबड्या आणायचे. इथे भोपळे, परसातले टोमॅटो आणि दुकानातल्या कोथिंबिरीच्या जुड्या आणतात.

"द्या की," मी म्हटलं. "दर वर्षी देताच."

"या वेळी नुसती नाही. पोरीला बोलावतो."

पोरगी म्हणजे आमची नात. इथेच जन्मलेली, विटेला 'तो' म्हणणारी, एडिनबराला आर्किऑलॉजी शिकते, म्हणजे जमिनीत गाडलेलं जुनं उकरून ते कधीचं, कुणाचं, ते शोधायचं. त्याने लगेच फोन लावला. आता ऐकायला कमी येतं म्हणून तो फोन स्पीकरवर टाकून ओरडतो, त्यामुळे सगळं बोलणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"बाळ, सणाच्या रविवारी ये. त्या डॉक्टरच्या समोर उभी राहा आणि एकच वाक्य बोल. ही वीट बाबेलची. बस. मग जा परत."

"आजोबा, पण तो वीट मी नीट बघितल्याशिवाय कसं बोलू?"

"जन्मल्यापासून बघतेस!"

"तसं नाही हो. प्रॉपर बघायला पाहिजे. आणि मला जे वाटेल तेच मी बोलणार. चालेल?"

"तुला तेच वाटेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दिवशी तो दोन पोळ्या जेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे सोपं जाणार नाही. त्याला मरायच्या आधी एकदा शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की तो खरं बोलतो.

शनिवारी सकाळी नात आली. पोहे केले होते ते तिने खाल्ले, मग स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल पसरला आणि वीट ठेवली. मोजपट्टी, भिंग, फोन. सगळ्या बाजूंनी फोटो काढले. नवरा समोर खुर्चीवर दाढी करून, शर्टाची वरपर्यंतची बटणं लावून बसला होता, जसा पासपोर्ट ऑफिसात बसतो तसा.

"चौकोनी होता हा," ती म्हणाली. "त्या काळातले विटा असेच मोठे चौकोनी असतात, टाइलसारखे. साइज जमतोय."

"झालं!" नवरा माझ्याकडे बघून म्हणाला.

"थांबा ना, आजोबा. काही विटांवर राजाचा शिक्का असतो. याच्यावर नाहीये. असलाच तर दुसऱ्या अर्ध्यावर असेल."

मग ती आम्हाला बुरुजाबद्दल सांगायला लागली. तिचं मराठी तुटकं, पण अडलं की इंग्रजी शब्द घालून पुढे जाते. बगदादच्या खाली एक जुनं शहर होतं, त्यात खरोखर एक प्रचंड बुरूज होता, मजल्यावर मजला चढवलेला. त्याचा चौरस पाया लोकांनी खणून पाहिलाय. आतला गाभा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा, आणि बाहेरून भाजलेल्या विटांचं जाड कवच, डांबराने जोडलेलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "सगळ्या भाजायला सरपण कुठून आणणार? पावसाला तोंड देते ती वीट पक्की, आतली कच्ची. आम्हीही घर तसंच बांधायचो."

"एक्झॅक्टली, आजी!"

शास्त्रातला बुरूज तो हाच का, असं मी विचारलं. ती म्हणाली की पुष्कळांना तसं वाटतं, पण कुणी सही करून देणार नाही. जवळच दुसऱ्या एका गावाजवळ विटांचा मोठा ढिगारा उभा आहे, त्यातल्या विटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या. प्रवासी लोक कित्येक वर्षं त्यालाच बाबेलचा बुरूज समजत होते, आभाळातून आग पडून वितळला म्हणून.

"खंगर," मी म्हटलं. तिने तो शब्द वहीत लिहून घेतला.

नवऱ्याला ह्यातलं काही नको होतं. "ते राहू दे. ह्या विटेचं बोल."

"आजोबा, विटेवर डांबर राहिलं असतं तर खूप मदत झाली असती. लॅबमध्ये बघता आलं असतं. पण काहीच नाहीये. एकदम क्लीन आहे."

 मी पोह्यांची ताटली उचलली, बेसिनमध्ये ठेवली, आणि मला वाटलं की आता सांगून टाकावं. ह्या वयात पोटात काय काय ठेवायचं?

"होतं डांबर," मी म्हटलं. "मी घासून काढलं."

नातीने भिंग खाली ठेवलं.

"इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात. तेव्हा घर तापवायला पॅराफिनचा स्टोव्ह असायचा. त्यातलं पॅराफिन घेतलं, तारेचा ब्रश घेतला आणि मागच्या अंगणात बसून घासली. बाहेरची माणसं घरी येणार होती. विटा पाडणाऱ्याची पोर मी, घाणेरडी वीट कपाटात ठेवणार होते होय?"

"ओ माय गॉड, आजी."

"ओरडू नको. मला कुणी सांगितलं होतं त्याचं काही तपासतात म्हणून?"

"नाही, नाही, ओके." ती वही ओढून बसली. "आठवतंय का बघ. डांबर कुठे होतं? आणि दुसरं काय होतं?"

विटेच्या बाबतीत माझी आठवण चांगली आहे. माणसांच्या बाबतीत तेवढी नाही. मी बोट ठेवून दाखवलं. "ह्या सपाट अंगाला डांबर, नखभर जाड. त्यावर मातीचा गारा बसलेला, त्यात भुसा. आणि ह्या अरुंद तोंडावर चुना. निळा."

"निळा?"

"घराला लावतात तो. नीळ घालून कालवलेला. दोन-तीन हात दिलेले होते. तो काढायला डांबरापेक्षा जास्त वेळ लागला."

नातीने विटेकडे बघितलं. मग आजोबांकडे बघितलं. मीही बघितलं. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"आजोबा," ती हळू म्हणाली, "बुरुजाच्या फाउंडेशनमध्ये निळा पेंट कसा असेल?"

तो उठला. कोट घातला, मफलर घेतला, आणि मागचं दार उघडून अंगणात जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. पाठ आमच्याकडे.

तेव्हा मला दुसरी गोष्ट आठवली. त्या हिवाळ्यात मी वीट घासत होते तेव्हा तो शिफ्ट संपवून आला होता आणि ह्याच दारात उभा राहून बघत होता. मी घाबरले होते, आता ओरडणार म्हणून. तो काहीच न बोलता आत गेला. पन्नास वर्षं मी समजत होते की माणूस भला आहे म्हणून बोलला नाही. आता कळलं की मी त्याचंच काम करत होते.

नात रडवेली झाली. "आजी, मी यायलाच नको होतं."

"आलीस ना आता? कांदा चीर."

पाऊण तास तो बाहेर होता. नात दोनदा दारापर्यंत गेली, मी दोनदा परत बोलावली. मग थंडी सोसेना म्हणून तोच आत आला, बसला, श्वास घेतला, आणि बोलायला लागला. मधेमधे थांबत, दमत. मी इथे एका दमात लिहिते.

रस्त्याच्या कामावर त्यांच्या कॅम्पला एक म्हातारा गाढवावरून पाणी आणून द्यायचा. त्याचं घर जवळच्या गावात होतं. एकदा मोठा पाऊस झाला आणि त्या घराची भिंत पडली. सुट्टीच्या दिवशी हा आणि आणखी दोघे विटा उचलायला मदत करायला गेले. म्हाताऱ्याने खुणांनी आणि चार शब्दांत सांगितलं की गावातल्या सगळ्या घरांच्या विटा जुन्या पडक्या शहरातून आणलेल्या, त्याच्या आजा-पणजांनी. हा म्हणाला, मला एक दे. म्हाताऱ्याने अर्धी दिली. अख्ख्या त्याला भिंतीला हव्या होत्या.

"मग तुम्ही बुरूज बघितलाच नाही?" नातीने विचारलं.

"बघितला. दुसऱ्या सुट्टीला लॉरीतून गेलो."

"काय होतं तिथे?"

"खड्डा." त्याने मफलर सोडला. मग म्हणाला, "चौकोनी खड्डा. पाणी साचलेलं, लव्हाळी वाढलेली, दोन बगळे. मी लहानपणापासून रविवारच्या शब्बाथ शाळेत चित्र बघितलेलं, ढगात गेलेला बुरूज. एवढा लांब गेलो आणि खड्डा. गावी येऊन काय सांगायचं? आईला सांगायचं, खड्डा बघून आलो?"

मला हसू आलं. मी ते आवरलं नाही.

नात मात्र खुर्चीत सरळ झाली होती. "आजोबा, पण हेच बरोबर आहे! तिथे खड्डाच आहे. बाहेरचे पक्के विटा लोकांनी घरं बांधायला नेले, वर्षानुवर्षं. म्हणून तिथे खड्डा आहे. तुम्ही फाउंडेशनमधून उचललं म्हणत होता ना, ते मला आधीपासून पटत नव्हतं. तुमचा खरा स्टोरी खोट्यापेक्षा चांगला आहे!"

"म्हणजे वीट बाबेलची आहे."

"म्हणजे तो वीट त्या जुन्या शहरातून आलेला असू शकतो. तिथे बुरूज होता, राजवाडे होते, मोठ्या भिंती होत्या. कशातला, ते कुणी नाही सांगू शकत. मीही नाही."

"म्हणजे नाही."

"म्हणजे माहीत नाही, आजोबा."

"डॉक्टर हसेल."

"हसू देत."

"तुझं काय जातं?" तो म्हणाला. आवाज चढवायला गेला आणि खोकला आला. मी पाणी दिलं. "एवढी वर्षं मी देवाच्या घरात उभा राहून साक्ष दिली. आता उभा राहून म्हणू, ती खोटी होती?"

"तर मग गप्प बसा," मी म्हटलं. "उद्या वीट नेऊ नका. कुणी विचारणार नाही. पण तेच परत बोललात तर मी उठून बाहेर जाईन. आणि सगळ्यांदेखत जाईन."

"तू काय मोठी खरं बोलणारी. घासलं ते सांगितलंस का एवढ्या वर्षांत?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मलाही कुणी विचारलं नाही!"

हे खरं होतं.  दुपारी आम्ही तिघं जेवलो. नात भांडी घासताना म्हणाली की खरं तर ही वीट त्या देशाची आहे आणि पुढे तिच्याबद्दल कुणाला तरी पत्र लिहायला पाहिजे. मी म्हटलं, एका दिवसात एकच दुखणं काढ.

रविवारी सकाळी तो माझ्या आधी उठून तयार होता. पिशवी दाराशी ठेवलेली. मी उचलून पाहिली. वीट आत होती.  एका नर्सबाईंच्या गाडीतून गेलो.

हॉलमध्ये टेबलावर भोपळे, लिंबं, कुणीतरी करून आणलेल्या करंज्या. गाणी झाली, प्रार्थना झाली. साक्षीची वेळ आली तेव्हा तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. वीट वर उचलायची ताकद नव्हती, म्हणून नातीने ती टेबलावर, भोपळ्यांच्या पुढे ठेवली. डॉक्टरसाहेब दुसऱ्या रांगेत होते. बाजूच्याच्या कानात काहीतरी बोलले, तो हसला.

मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. उठायची तयारी होती. गुडघे मात्र दुखत होते, आणि मनात येत होतं, देवा, मला ह्या वयात एवढ्या लोकांसमोर चालायला लावू नकोस.

"ही वीट," तो म्हणाला आणि थांबला. श्वास घेतला. "ही वीट मी बुरुजातून उचललेली नाही."

हॉलच्या मागच्या बाजूला एक पोर रडत होतं, तेही तेवढ्यात थांबलं.

"एका माणसाच्या पडक्या घरातून आणली. त्याने दिली. बुरुजाच्या जागी खड्डा आहे. मी खड्डा बघितला आणि तुम्हाला सांगायची लाज वाटली. म्हणून एवढी वर्षं खोटं सांगितलं. ती साक्ष खोटी होती. ही खरी आहे. बाकी काय ते ही पोरगी सांगेल, पण तिलाही माहीत नाही."

तो बसला. पुढच्या रांगेतल्या एका फार म्हाताऱ्या, कानाने अधू बाईंनी सवयीने मोठ्याने हालेलुया म्हटलं. मग आणखी चारपाच जणांनी म्हटलं. नातीने दोन मिनिटं बुरुजाचं आणि विटांचं सांगितलं, तुटक, चुकत, पण स्वच्छ. हे आम्हाला माहीत आहे, हे नाही. पाळकसाहेब म्हणाले, "आपण पुढचं गीत घेऊ."

झालं ते एवढंच.

चहाच्या वेळी डॉक्टरसाहेब करंजी घेऊन आमच्याकडे येताना दिसले तेव्हा नवऱ्याने पाठ ताठ केली. डॉक्टरांनी विटेचं नाव काढलं नाही. खाली वाकून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला, तिथे खळगा पडला तो बघत राहिले, आणि म्हणाले, "काका, पाणी उतरवायची गोळी घेता का रोज? सकाळी घ्या. लोणचं बंद करा." मग माझ्याकडे वळून, "काकू, उद्या हॉस्पिटलच्या क्लिनिकला फोन करा. थांबू नका." आणि गेले.

घरी येऊन त्याने बूट काढून घ्यायला पाय पुढे केले. मी काढत होते तेव्हा त्याने विचारलं, "लोक काही म्हणाले का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"एकीने विचारलं, ही पोरगी तुमचीच का. आणि दुसरीने, भोपळा न्यायचाय का."

तो खुर्चीला डोकं टेकून बसला. त्याला वाटलं होतं की आभाळ कोसळेल. एवढी वर्षं तो ज्याला भीत होता त्याची कुणाला काडीची फिकीर नव्हती. मला वाटतं, हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी दिलासा दिला नाही. असल्या गोष्टीला दिलासा नसतो, आणि मला स्वयंपाक करायचा होता.

नात संध्याकाळच्या गाडीने जाणार होती. जाण्याआधी ती वही घेऊन त्याच्याजवळ बसली. म्हणाली की आता हे सगळं नीट लिहून ठेवायचं, वीट कुठून आली, कधी, कुणी दिली. असं लिहिलेलं असलं की वस्तूला काहीतरी अर्थ राहतो, नाहीतर ती नुसती माती. त्याने गाव सांगितलं, निदान दिशा सांगितली. रस्ता सांगितला. कोणता ऋतू ते सांगितलं.

"आणि त्या पाणीवाल्याचं नाव काय होतं, आजोबा?"



"मी त्याच्याकडे जेवलो होतो," तो म्हणाला. "त्याच्या बायकोने रोटी दिली होती, तव्यासारखी मोठी. त्याचा एक डोळा पांढरा होता. गाढवाचं नावसुद्धा होतं काहीतरी."

"नाव, आजोबा."

तो आठवत बसला. एक नाव म्हणाला, मग म्हणाला, नाही, तो आमचा फोरमन. दुसरं म्हणाला. मग तेही नाही. नातीच्या गाडीची वेळ होत आली.  त्याने त्या माणसाला एकदा गोष्टीतून काढून टाकलं होतं, वीट मीच उचलली म्हणून, आणि इतकी वर्षं त्याच्याशिवाय गोष्ट सांगितली होती. आता तो परत यायला तयार नव्हता.

"नाही आठवत तर नाही आठवत असं लिही," मी नातीला म्हटलं.

तिने तसं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. ती गेली.

ह्या गोष्टीला आता महिना झाला. त्याच्या पायांची सूज थोडी उतरली आहे, श्वास तसाच. सकाळी गोळी देताना कधी कधी तो माझा हात धरून थांबवतो, डोळे बारीक करतो, ओठ हलवतो. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहते.

"आठवलं?" मी विचारते.

"नाही," तो म्हणतो, आणि गोळी घेतो.